आमच्या ओट्यावरचं चुडावा स्टेशन

सासरी आल्यावर मला सगळ्यात जड काय गेलं असेल, तर खेळायला न मिळणं. भाकरी थापता येत होत्या, घागरी उचलता येत होत्या, डोक्यावरचा पदर ढळू न देता गोठाही झाडता येत होता. पण दुपारी सगळं आवरल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, हे काही केल्या जमेना. वय सोळा-सतराचं. परभणीला आमच्या गल्लीत गजग्यांच्या, म्हणजे सागरगोट्यांच्या, खेळात मी कुणाला हार जात नव्हते. मूठभर गजगे वर उडवून हाताच्या पाठीवर झेलले की बघणाऱ्या पोरींचे डोळे मोठे व्हायचे. इथे, चुडाव्याजवळच्या या गावात, एकदा परसात बसून मी खडेच उडवत होते, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "चांगलं झेलायलीस. आता त्याच हातानं शेण उचल."

घरात माणसं मोजकीच. आत्याबाई, माझे सासरे म्हणजे मामा, आणि मी. माझे मालक परभणीला हायस्कुलात शिकत होते. सुट्टीला पाहुण्यासारखे यायचे, धपाटे खाऊन जायचे, त्यामुळे या हकीकतीत त्यांचं काही काम नाही. आत्याबाई बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या बोलायच्याही चालता चालताच, त्यामुळे त्यांच्या वाक्याची सुरुवात चुलीपाशी ऐकू यायची आणि शेवट ऐकायला मागच्या दारापर्यंत जावं लागायचं. मामा उलट दिवसभर ओट्यावर लोडाला टेकून. ते निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. हैदराबादेहून येणारं शिळं वर्तमानपत्र नाकाशी धरून वाचायचे आणि वाचताना कुणी खोकलं तरी त्याच्याकडे असं बघायचे की खोकणाऱ्याने माफी मागावी. "तालीम म्हणजे तमीज," शिक्षण म्हणजे अदब, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आमचे उस्ताद शिकवायले की मांडीवर मुंगी चढली तरी हलायची हिंमत नव्हती." त्या मुंगीची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की पुढे पुढे मला त्या मुंगीचीच दया यायला लागली.

अशात एक दिवस ब्लॉकची जीप आमच्या दारात येऊन थांबली. विकास योजनेच्या ऑफिसला सगळे तेव्हा ब्लॉक म्हणायचे. जीपमधून खादीची साडी नेसलेल्या, पायात चपला घातलेल्या एक बाई उतरल्या आणि थेट मामांपुढे येऊन म्हणाल्या, "या गावात शिकलेली बाई कोण आहे?" अर्धं गाव जीपभोवती गोळा झालेलं. मामांनी मान ताठ केली. "आमची सून हाय ना. मराठी चौथी पास." बाई म्हणाल्या, शाळेत जायच्या आधीच्या लेकरांसाठी बालवाडी काढायची आहे, सुनेला थोडे दिवस शिकायला परभणीला पाठवाल का? शाळेच्या आधीची शाळा, ही कल्पना मामांना फार आवडली. लेकरं पाढे पाठ करूनच शाळेत जातील असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार. शिवाय जीप दारात होती आणि गाव बघत होतं. असल्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

शिकायला गेले तिथे पहिल्याच दिवशी चष्मा लावलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हा सगळ्याजणींपुढे भिजवलेल्या मातीचे गोळे ठेवले आणि म्हणाल्या, "खेळा." जमलेल्या लेकुरवाळ्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणी गोळ्याला नमस्कार केला. एकीने घाईघाईने चूल बनवली, कारण हातात माती आल्यावर दुसरं काय करायचं हे ती विसरून गेली होती. मी गजगे बनवले. त्या बाई म्हणाल्या, लहान लेकराचं काम म्हणजे खेळ. त्याची बोटं, जीभ, डोकं सगळं खेळूनच तयार होतं. मी मनात म्हटलं, बाई, तुम्ही माझ्या लग्नाआधी आमच्या घरी का नाही आलात?

परत आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, काय शिकलीस? मी सांगितलं. त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "लेकरायला खेळवायचं कसं, हे सरकार शिकवायलंय? उद्या वासराला उड्या मारायचं शिकवा म्हणावं."

आता माझी नात ज्या शाळेत जाते तिथे फी भरून, पिशवीतून विकत आणलेली रंगीत माती लेकरांना देतात आणि वर्गाला मोठं इंग्रजी नाव आहे. मला हसू येतं. आमच्या गोठ्याचा रिकामा अर्धा भाग सारवून मी बालवाडी सुरू केली तेव्हा माती फुकट होती, चिंचोके फुकट होते, ज्वारीच्या धाटांच्या गाड्या लेकरं स्वतःच करायची. लेकरंही नुसती येत नसत. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या हातात अर्धी भाकरी. भिवा नावाच्या मेंढपाळाची सोनी तर करडू घेऊन यायची. शेरडामेंढरांमागे ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की तिने हळू सांगितलेलं गुपित शिवारात ऐकू जाई. प्रार्थनेला तिचं करडूच सगळ्यात वेळेवर ओरडायचं. ब्लॉककडून दुधाच्या भुकटीचे डबे आले तेव्हा भिवा येऊन मला म्हणाला, "वैनी, मव्ह्या घरी इतक्या शेळ्या हायत अन् पोरीला डब्यातलं दूध? लोकं हसतेल मला." दुसऱ्या दिवशीपासून तोच कासंडीभर ताजं दूध आणून द्यायला लागला आणि भुकटीचा डबा लेकरांनी ढोल म्हणून वाजवला.

मामांनी लिंबाची एक सरळ छडी तासून, तिला करडईचं तेल लावून माझ्याकडे दिली होती. थोड्या दिवसांनी ते गोठ्यात डोकावले. कुणी वाळू चाळतंय, कुणी फुटक्या घागरीवर ताल धरतंय, कुणी नुसतंच लोळतंय. मामांनी सगळीकडे नजर फिरवली.

"छडी कुठाय?"

"माळवदाला आडवी घातलीय, मामा," मी पदर सावरत म्हटलं.

"कोणत्या माळवदाला?"

"बाहुलीच्या."

मामांनी कोपऱ्यातलं मातीचं घर पाहिलं. छत खरंच त्यांच्या छडीवर उभं होतं. "सूनबाई, हा मदरसा हाय का तमाशा?"

"मामा, खेळातूनच शिकवायचंय, असं सांगितलंय."

"खेळ शिकवावा लागत न्हाई," मामा म्हणाले. "खेळ सोडवावा लागतो." आणि त्याच तिरमिरीत ते गावच्या पाटलांकडे गेले. बाजार झाला की चार शहाणी माणसं घेऊन या, हा प्रकार बंद करू, असं सांगून आले.

पाटलांना बोलावणं हवंच होतं. त्यांचा नातू बाबू माझ्याकडे येत होता आणि तो सगळ्या जातींच्या लेकरांत बसतो हे त्यांना खुपत होतं. गड्याच्या खांद्यावर बसून यायचा आणि खांद्यावरच बसून परत जायचा. भाकरीचा घास कुणी भरवल्याशिवाय खायचा नाही, पाहुण्यांनी नाव विचारलं तर दाराआड जायचा, आणि आजोबा खोकले की त्याचा श्वासच थांबायचा. या बाबूमुळे, किंवा खरं म्हणजे रेल्वेमुळे, पुढचं सगळं झालं.

दुपारी चुडाव्याहून गाडीची शिट्टी शिवारावरून यायची. ती आली की लेकरं हातातलं टाकून ऐकायची. गाडीत बसलेलं त्यांच्यात जवळजवळ कुणीच नव्हतं. एकदा सोनीने त्या शिट्टीला उत्तर दिलं, असं की गोठ्यातल्या म्हशीने दावं ताणलं. झालं, ती इंजन झाली. एकाने तिचा परकर धरला, दुसऱ्याने त्याचा सदरा, आणि गाडी घराभोवती धावायला लागली. बाबूने मातीत लोळण घेतली. "इंजन मीच! इंजन मीच!" सोनी थांबली. "मार मग शिट्टी," म्हणाली. बाबूने तोंड उघडलं. आतून नुसता वारा आला. आता हा रडत घरी जातो आणि पाटील येतात, असं दिसायला लागलं तेव्हा मी पुढे झाले. "बाबू, इंजन तर नुसतं ओढतं. गाडीचा मालक गार्ड असतो. तो सगळ्यात मागं असतो, कारण त्याला सगळी गाडी बघावी लागते. तिकिटंही तोच बघतो." पिंपळाच्या पानाची पिपाणी करून त्याच्या हातात दिली. बाबू उठला, नाक पुसलं आणि शेवटी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो गड्याच्या खांद्यावरून स्वतः उतरला, कारण गार्ड कुणाच्या खांद्यावर बसत नाही.

गाडी ओट्यापुढून गेली की धूळ मामांच्या वर्तमानपत्रावर बसायची. दोन-तीन फेऱ्या त्यांनी सोसल्या. मग ते गरजले, "थांबा! थांबा म्हणतो न्हाई का!" गाडी जागच्या जागी थांबली. मामांचं समाधान झालं, ते पुन्हा वाचायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी डोकं वर केलं, तर गाडी तशीच उभी. एकही डबा हललेला नव्हता. मुंगी चढली असती तरी हलला नसता.

"आता काय?"

"जाऊ का?" सोनीने विचारलं.

"जावा!"

गाडी गेली. घराला वळसा घालून आली आणि ओट्यापुढे पुन्हा थांबली.

"आता कामून थांबलाव?"

"स्टेशन आलं," सोनी म्हणाली.

"कसलं स्टेशन?"

"चुडावा."

शेवटून बाबूचा बारीक आवाज आला, "तुमी मास्तर हायत."

मी दाराआडून बघत होते. मामा आता काय करतात याची मला धास्ती वाटत होती. त्यांनी वर्तमानपत्र झटकलं, नुसती धूळ झटकावी तसं. पण लेकरांना तेवढं पुरलं. गाडी सुटली.

त्यानंतर रोज दुपारी हेच चाललं. आधी मामा वर्तमानपत्र हलवायचे. मग पत्र बाजूला ठेवून हात हलवायला लागले. एके दिवशी मी स्पष्ट ऐकलं, ते दबक्या आवाजात सोनीला विचारत होते, "आज उशीर कामून झाला?" तिने सांगितलं, करडू रुळावर आलं होतं. मामांनी गंभीरपणे मान हलवली. मात्र गल्लीत कुणी मोठं माणूस दिसलं की मामा वर्तमानपत्रात शिरायचे आणि लेकरांना दटावल्यासारखं करायचे. लेकरंही समजूतदार. ती माणूस जाईपर्यंत गाडी उभी ठेवायची.

मग आत्याबाईंचं चोळीचा हिरवा खण हरवला. त्यांनी घर उलथंपालथं केलं. "मव्हा खण कुटं गेला गं?" मला माहीत नव्हतं. दुपारी ओटा झाडायला गेले, तर मामांच्या लोडाखालून हिरवी किनार बाहेर आलेली. मागे वळले तर आत्याबाईही तिकडेच बघत होत्या. मामांना ऐकू जाईल अशा बेताने एवढंच म्हणाल्या, "उंदरानं नेला असंल. म्हातारा उंदीर दिसायलाय." मामांच्या नाकाशी वर्तमानपत्र होतं. ते उलटं धरलेलं होतं की सुलटं, हे मला उर्दू येत नसल्याने सांगता येणार नाही.

आणि त्यातच बाजार उरकून पाटलांच्या येण्याचा दिवस उजाडला. शब्द मामांनीच दिलेला, तो मागे कसा घ्यायचा? सकाळपासून त्यांनी वर्तमानपत्रही उघडलं नव्हतं. मी लेकरांना सांगून टाकलं, आज शाळा नाही, घरी बसा. गोठ्यातली मातीची घरं मात्र मला मोडवली नाहीत. शाळा बंद म्हणजे पुन्हा त्या दुपारी आणि मांडीवर ठेवलेले ते दोन हात.

पाटील आले, सोबत गावातले वडीलधारे आले. ओट्यावर सतरंजी अंथरली. पाटील कडेला बसले, पाय खाली सोडून. मी आणि आत्याबाई दाराआड चहा करत होतो.

"दादाराव," पाटील मामांना म्हणाले, "तुमीच म्हणलाव, ही शाळा न्हाई, धिंगाणा हाय. अन् मव्हा नातू, पाटलाचा नातू, धनगराच्या पोरीमागं पळायलाय! तिचा परकर धरून! लोकं काय म्हणतेल?"

"व्हय," मामा म्हणाले. "म्हणजे... तालमीत तमीज पाहिजे, हे तर..." आणि ते थांबले. कारण गल्लीच्या वळणावरून शिट्टी ऐकू आली होती.

लेकरांना कुणी बोलावलं नव्हतं. ती आपण होऊन जमली होती. पुढे सोनी, बाजूला पळणारं करडू, मागे सगळे डबे, शेवटी पिपाणी फुंकत बाबू. गाडी रोजच्यासारखी आली आणि ओट्यापुढे थांबली. लेकरं मामांकडे बघत होती, मामा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे.

"बगा!" पाटील म्हणाले. "बगा हे! ह्येच म्हणतो मी!"

सोनीने नाक वर ओढलं. "मास्तर, रुळावर पाय हायत."

मामांनी मान वर करून पाटलांच्या पायांकडे पाहिलं. माझ्या शेजारी आत्याबाईंनी चहाचं भांडं उतरवायचं सोडून दिलं. उतू जाणाऱ्या चहाकडेही कुणाचं लक्ष नव्हतं.

"पाटील," मामा म्हणाले, "पाय वर घ्या."

"आँ?"

"गाडी उभी हाय."

त्या गावात पाटलांना आजवर कुणी सरकून बसा असंही म्हटलं नव्हतं. बहुधा त्यामुळेच, काय करावं हे न सुचून, त्यांनी पाय वर घेतले. मामांनी लोडाखाली हात घातला आणि हिरवा खण बाहेर काढला. एवढ्यात मागून आवाज आला, "थांबा. तिकीट."

गार्ड येत होता. बाबू एकेका वडीलधाऱ्यापुढे हात पसरत आला. कुणी सुपारीचं खांड दिलं, कुणी तंबाखूची काडी. शेवटी तो आजोबांपुढे उभा राहिला.

"आज्जा, तिकीट."

"बाबू, घरी चल."

"बिनतिकिटाचं बसता येत न्हाई."

"कोण म्हणतं?"

बाबूने क्षणभर विचार केला. "गार्ड म्हणतो."

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही, पण सगळ्यात मोठ्यांदा आत्याबाई हसल्या, पदर तोंडात कोंबूनसुद्धा. पाटलांचे कान लाल झाले. त्यांनी नातवाकडे रोखून पाहिलं. तो दाराआड पळाला नाही. "असं व्हय," पाटील म्हणाले. "गार्ड हायस ना? किती डबे हायत तुज्या गाडीला?"

बाबू वळला आणि एकेकाच्या खांद्याला हात लावत निघाला. सोनी इंजन, मग रुक्मी, मग गण्या, बोटं दुमडत, हात संपला की दुसरा हात घेत, एकही न चुकता शेवटपर्यंत आला आणि आकडा सांगितला. वर म्हणाला, "करडू धरायचं न्हाई. ते फुकट हाय."

पाटलांनी त्या दुमडलेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी कमरेची चंची उघडली, एक लवंग काढली आणि नातवाच्या तळहातावर ठेवली. मामांनी खणाची झेंडी हलवली. गाडी गेली.

धूळ बसल्यावर पाटलांनी घसा खाकरला. "शाळा म्हणून हे चालायचं न्हाई, दादाराव. आमी स्पष्ट सांगतो." त्यांनी पाय पुन्हा खाली सोडले. "पण एक सांगा. ही गाडी आमच्या ओट्यापुढं कामून थांबत न्हाई?"

तिथून पुढे बालवाडी बंद करायचं कुणी काढलं नाही. भांडण लागलं ते स्टेशनांचं. पाटलांनी पूर्णा मागितलं, कारण पूर्णा जंक्शन आहे आणि तिथे गाडी जास्त वेळ थांबते. वाण्याला मिरखेल मिळालं, तर तो रुसला. पिंगळीसाठी दोन भावांत अबोला झाला. धनगराच्या पोरीमागे पळण्याचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण गाडी आपल्या दारी थांबावी म्हणून जो तो इंजनाला गूळ-शेंगा द्यायला लागला. भिवा म्हणायचा, "वैनी, मला गावात कुणी राम राम करत न्हाई, पण मव्ह्या पोरीला पाटील हाक मारून बसवायलेत." आणि गूळ खाऊन सोनी अधिकच मोठ्यांदा ओरडायची.

आता एवढ्या वर्षांनी त्या दिवसांतली एकच दुपार मला सगळ्यात आधी आठवते. आत्याबाई ओट्याच्या पायरीशी सुपात ज्वारी पाखडत उभ्या होत्या. गाडी स्टेशनात थांबली होती. सुपावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "काय गं सोने, ही गाडी कुटवर जाती?"

"पूर्णा, मिरखेल, पिंगळी, परभणी," सोनीने पाठ केल्यासारखं सांगितलं.

"झरीला जाती का?"

मामांनी वर्तमानपत्र खाली केलं. झरी हे आत्याबाईंचं माहेर. आई-वडील गेलेले, भाऊ वेगळे निघालेले, आणि बहिणीला न्यायला जावं असं कित्येक वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. मला हे सगळं मागाहून कळलं. त्या घरात राहूनही तोवर त्यांच्या तोंडून झरीचं नाव मी ऐकलं नव्हतं.

"झरीला रेल्वे न्हाई," मामा म्हणाले. ते खरंही होतं.

"न्हाई का? असू द्या," म्हणत आत्याबाई पुन्हा पाखडायला लागल्या.

सोनीने मान वळवून मामांकडे असं पाहिलं, जसं कामात चुकलेल्या माणसाकडे बघतात. मग ती आत्याबाईंना म्हणाली, "जाती की. बसा."

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. हाताचा कोंडा झटकला. गावाला निघालेली बाई घेते तसा पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला आणि त्या गार्डाच्या पुढे, शेवटच्या डब्याचा सदरा धरून उभ्या राहिल्या. बाबूने तिकीट मागितलं. त्यांनी चिमूटभर ज्वारी त्याच्या हातावर ठेवली. मामा एरवी बसूनच झेंडी दाखवायचे. त्या दिवशी ते उठले, ओट्याच्या कडेला आले, हात उंच करून झेंडी दाखवली, आणि आमच्या आत्याबाई झरीला गेल्या.